कॅलिपरचं गाव

'असतं असंच' हे दोन शब्द आगवणे बाईंसमोर काढायची सोय नव्हती. पाण्याचा कूलर महिनाभर बंद आहे, असतं असंच. लेडीज टॉयलेटची कडी तुटली आहे, असतं असंच. आपण सहज म्हणून जायचो आणि बाई हातातलं काम खाली ठेवून चष्म्यावरून बघायच्या. "असतं म्हणजे? कुणी ठरवलं? मला त्याचं नाव सांगा, मी जाऊन भेटते." आणि खरोखर जायच्या. कूलर तिसऱ्या दिवशी सुरू झाला. कडी तर त्यांनी स्वतःच घरून आणून बसवली आणि वापरलेले चार स्क्रू मेंटेनन्सच्या खात्यावर लिहून घ्यायला लावले.

चाकण पट्ट्यात कुरुळीच्या अलीकडे आमची कंपनी होती. गाड्यांसाठी लागणाऱ्या पिना, बुश असला बारीक माल व्हायचा. मी क्वालिटी खात्यात कागदपत्रं टाईप करायचे. माझ्या टेबलाशेजारी काचेचं एक दार होतं, त्यावर 'कॅलिब्रेशन रूम' अशी पाटी होती, आणि त्या दारामागे सुमन आगवणे बाईंचं राज्य होतं. कारखान्यातली मापं घ्यायची सगळी हत्यारं ठरावीक मुदतीनं त्यांच्यापुढे हजर व्हायची. हत्यार खरं बोलतं की खोटं, हे त्या तपासायच्या. खरं असेल तर हिरवं लेबल आणि खाली सही. खोटं असेल तर लाल.

खोली बारा महिने थंड ठेवावी लागे, म्हणून बाई मे महिन्यातही बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर घालून बसायच्या. कॉटनची साडी, त्यावर स्वेटर आणि खाली कंपनीचे लोखंडी टोकाचे काळे बूट. उंची जेमतेम पाच फूट. तळेगाव दाभाड्याहून स्कूटीवर यायच्या आणि हेल्मेट काढलं की पहिल्यांदा केसांतलं फूल सरळ करायच्या. जाडी मोजायचा कॅलिपर हातात आला की त्याचे दोन जबडे मिटून खिडकीकडे धरायच्या. मधून उजेडाची रेघ दिसली की जीभ टाळ्याला लावून 'च्' करायच्या. तो आवाज बाहेर मला ऐकू यायचा आणि मी लाल लेबलांचा गठ्ठा काढून ठेवायचे.

आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: गाव कुठलं? कुणी लातूरचा, कुणी चिपळूणचा, कुणी थेट बिहारचा. बाई हाच प्रश्न इंग्रजी शब्दांना विचारायच्या. "ह्याचं गाव कुठलं?" कंपनीत दिवसभर इंग्रजीच कानावर पडायची, आणि बाईंचं शिक्षण आयटीआयपर्यंत, तेही मराठीतून. पिंपरीच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी पुठ्ठा निघालेली एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणली होती. प्रत्येक शब्दाच्या शेवटी चौकोनी कंसात तो कुठून आला ते बारीक अक्षरात लिहिलेलं असे. बाकी सगळे अर्थ बघून डिक्शनरी मिटतात. बाईंचं वाचन कंसापासून सुरू व्हायचं. सापडलेलं सगळं त्या एका फुलस्केप वहीत उतरवून ठेवायच्या.

"सुपरवायझर म्हणजे काय माहितीय का?" त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. "वरून बघणारा. खाली उतरून बघणारा असा अर्थ कुठंच दिलेला नाही, मी शोधला."

कंपनी शब्दाचं गाव सापडलं त्या दिवशी तर बाईंनी उपद्व्यापच केला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निघाला, एकत्र भाकरी खाणारे. आमच्या कँटीनमध्ये प्लायवूडची एक भिंत होती. अलीकडे कामगार, पलीकडे साहेब लोक. बाई डबा घेऊन सरळ पलीकडे गेल्या आणि एका खुर्चीवर बसल्या. कँटीनचा माणूस धावत आला.

"बाई, हा ऑफिसर लोकांचा हॉल आहे."

"ही कंपनी आहे ना?"

"आहे की."

"मग झालं तर. कंपनी म्हणजे एका जागी भाकरी खाणारे. पटत नसेल तर गेटवरची पाटी बदला."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर 'फक्त अधिकाऱ्यांसाठी' असा बोर्ड लागला. बाईंनी त्या बोर्डाच्या बरोबर खाली बसून डबा खाल्ला. आठवड्याभरात पॅकिंगच्या दोघी त्यांच्या शेजारी बसायला लागल्या. बोर्ड कुणी काढला नाही आणि बाईंना कुणी उठवलंही नाही.

मग क्वालिटीला नवे हेड आले. माणूस हुशार, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं तोडून. आल्या आल्या त्यांनी मोठ्या ऑर्डरच्या डिस्पॅचची तारीख स्वतःच्या टेबलासमोर लाल अक्षरात लावली. त्याच आठवड्यात लाईनवरचे सहा कॅलिपर बाईंपुढे तपासणीला आले. सहाच्या सहा झिजलेले. जबडे मधोमध खोल गेले होते, त्यामुळे पिन त्या खळग्यात बसायची. मुळात जाड असूनही कॅलिपर तिला बरोबर म्हणायचा. बाईंनी सहा लाल लेबलं लावली. नवे कॅलिपर यायला दीड महिना लागणार होता. म्हणजे लाईन बंद.

साहेब स्वतः आले. काचेचं दार उघडंच राहिलं, त्यामुळे बाहेर बसलेल्या आम्ही आठ-दहा जणांनी सगळं ऐकलं.

"केसाएवढा फरक आहे, आगवणे. सही करा."

"केसाएवढाच असतो, साहेब. म्हणून तर मला बसवलंय इथं."

"डिस्पॅच कुणाच्या बापाची वाट बघत नाही."

"मी पण नाही करणार सही."

साहेब दारापर्यंत गेले. मग वळून, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, हे चपलांचं माप नाही, अंदाजानं घ्यायला. इथं कॅलिपर लागतो. तुमच्या घरी चालत असेल तसलं."

बाई चांभार समाजाच्या. वडील मावळातल्या एका खेड्यात जोडे शिवायचे, हे बाई स्वतःच सांगायच्या, कधी लपवलं नव्हतं. तेच आता त्यांच्यावर फेकून मारलं होतं. दोघे-तिघे हसले. मी हसले नाही. पण की-बोर्डकडे बघत राहिले, आणि त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते. बाई उठल्या. त्यांनी दार ओढून घेतलं. सही केली नाहीच.

जेवणाच्या सुट्टीत मी डोकावले तर डिक्शनरी उघडी होती.

"कॅलिपर," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, आमच्या घरी कॅलिपर नसतो. बघू तरी ह्याचं घर कुठंय."

कंसात लिहिलं होतं, कॅलिपर हे कॅलिबरचंच दुसरं रूप. कॅलिबर काढलं. फ्रेंचमधून, त्याआधी इटालियनमधून, आणि त्याआधी अरबी 'कालिब', म्हणजे साचा. कॅलिब्रेशनही तिथलंच. रोज पन्नास वेळा मी तो शब्द टाईप करत होते. डिक्शनरी तिथं संपली, पण बाईंचं समाधान होईना.

गेटसमोरच्या गाळ्यात रशीदभाई साचे दुरुस्त करून द्यायचे. मूळचे बीडकडचे, पण वीस वर्षं इथंच. बाईंनी संध्याकाळी स्कूटी तिथं थांबवली, मीही होते.

"रशीदभाई, कालिब म्हणजे काय हो?"

"कालिब?" रशीदभाईंनी हात पुसले. "अहो बाई, मी दिवसभर करतो तेच काम. साचा. आमचे अब्बा तर माणसाच्या अंगालापण कालिब म्हणायचे. दोघं लई जिगरी दोस्त असले की म्हणायचे, जान एक, कालिब दोन." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आमच्या गावाकडं जोडेवाले पण म्हणायचे असं कायतरी. कालिबच म्हणायचे का दुसरं, आता ध्यानात न्हाई."

बाई स्कूटी सुरू करता करता थांबल्या. त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. "चल तळेगावला," एवढंच म्हणाल्या. मागे बसले मी.

बाईंचे वडील, त्यांना सगळे दादाच म्हणत, ऐंशीच्या पुढचे. दिसायचं कमी झालं होतं, पण पायरीवर बसून ऊन अंगावर घ्यायचे. बाईंनी पाणीसुद्धा न पिता विचारलं.

"दादा, जोडा शिवताना आत लाकडाचा पाय घालता, त्याला काय म्हणायचं आपल्यात?"

"फर्मा म्हंत्यात आताची पोरं."

"आताची नको. तुम्ही काय म्हणायचात?"

"आमी? आमी कालबूत म्हणायचो. माजा बा बी कालबूतच म्हणायचा. का गं? कुनी इचारलं?"

"कंपनीतल्या साहेबांनी," बाई म्हणाल्या.

"बरं हाय की मग. साहेब लोकांना कशाला लागतंय कालबूत?"

बाई आत गेल्या. माळ्यावरून एक गोणपाट काढलं. आत काळपट पडलेला लाकडी पाय होता, टाचेकडे खिळ्यांच्या भोकांनी चाळण झालेला. दादांनी तो हातात घेतला आणि न बघता सांगितलं, "ह्यो डावा."

मला वाटलं, झालं काम. कालिब आणि कालबूत, सरळ दिसतंय. बाई माझ्यावरच चिडल्या. "दिसायला सारखं म्हणजे सारखं नव्हे. तसं असतं तर मला कुणी नोकरीवर ठेवलं असतं का?"

आमची सुट्टी गुरुवारी असायची. पुढच्या गुरुवारी आम्ही पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, विद्यार्थी आहात का, प्राध्यापक आहात का. दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, "मला पुस्तक घरी न्यायचं नाही. एक शब्द बघायचाय." नियम नाही म्हणाले. बाई बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या, पाच वाजेपर्यंत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही बसल्या. तिसऱ्या गुरुवारी ते गृहस्थ स्वतः बाहेर आले. "कुठला शब्द आहे तो एवढा?" त्यांनी वैतागून विचारलं. बाईंनी सांगितला. कशासाठी हवा तेही सांगितलं, साहेबांच्या वाक्यासकट. गृहस्थांनी दार उघडलं. आत घेऊन गेले आणि कपाटाला किल्ली लावून त्यांनी दोन्ही हातांनी उचलावा लागणारा इंग्रजी शब्दकोशाचा एक खंड टेबलावर ठेवला.

त्यात होतं. अरबी कालिब हा शब्द ग्रीकमधून आलेला. ग्रीकमध्ये मूळ शब्दाचे दोन तुकडे: लाकूड आणि पाय. अर्थ, चांभाराचा लाकडी पाय. दुसऱ्या कपाटातल्या जुन्या मराठी कोशात कालबूतही मिळाला, फारसीतून आलेला, आणि त्या फारसी शब्दाचं मूळही बहुधा त्याच ग्रीक घरातलं, असं गृहस्थांनी आणखी एक पुस्तक काढून दाखवलं.

बाईंनी प्रत्येक ओळ तीन वेळा वाचली, माप घेतात तशी, आणि वहीत उतरवली. कालबूतच्या पुढे त्यांनी 'बहुधा' लिहिलं. मी म्हटलं, "तेवढं बहुधा काढून टाका ना, जोरदार वाटेल." बाईंनी पेन थांबवलं. "मग माझ्यात आणि त्या साहेबात फरक काय राहिला?"

इकडे लाईन बंद पडलेली नव्हती. नवे कॅलिपर येईपर्यंत जुनेच कसे चाललेत हे कुणी विचारत नव्हतं. पिना बनत होत्या, खोकी भरत होती. ते उघडकीला आलं गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटला. ऑडिटर वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी लाईनवरचा एक कॅलिपर उचलून बाईंना विचारलं, "ये साइन आपका है?"

कॅलिपरवर हिरवं लेबल होतं. खाली बाईंच्या इंग्रजी आद्याक्षरांसारखं काहीतरी.

साहेब पुढे झाले. "सर, ते आमचं अंतर्गत..."

"साहेब, ऑडिट शब्दाचा अर्थच ऐकणं असा आहे," बाई म्हणाल्या. "ऐकू द्या त्यांना." मग ऑडिटरांकडे वळून, तोडक्यामोडक्या हिंदीत पण न अडखळता, "ही सही माझी नाही. मी ह्याला लाल लेबल लावलं होतं. सहाच्या सहांना. तारीख माझ्या रजिस्टरमध्ये आहे."

रजिस्टर आणायला मलाच पाठवलं. मी ते टेबलावर ठेवलं. बाईंनी तारखेचं पान उघडून दिलं. तयार माल त्याच दिवशी रोखला गेला, खोकी पुन्हा उघडली गेली, आणि जाड पिना निघाल्या. बऱ्याच निघाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब काचेच्या खोलीत आले. ह्या वेळी दार बाईंनीच उघडं ठेवलं.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? कंपनीचं नाव घालवलंत."

"बसा, साहेब." बाईंनी खालच्या कपाटातून गोणपाट काढलं आणि दादांचा तो लाकडी पाय टेबलावर ठेवला. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, हे चपलांचं माप नाही, इथं कॅलिपर लागतो. मी कॅलिपरचं गाव शोधून आलेय. कॅलिपर निघाला कॅलिबरमधून. कॅलिबर निघालं अरबांच्या कालिबमधून. आणि कालिब निघाला ग्रीक चांभाराच्या लाकडी पायातून. हा असा. पुस्तकाचं पान लिहून आणलंय, तपासून घ्या." त्यांनी वहीचा कागद पुढे सरकवला. "तुमचं हे डिपार्टमेंट, ही दारावरची पाटी, सगळ्याचं मूळ चांभाराच्या घरातलं आहे. मी इथं कुणाच्या मेहरबानीनं बसलेली नाही. तुम्ही आमच्या घरी आलाय. या, बसा ना."

साहेब बसले नाहीत. कागदही घेतला नाही. बाहेर कुणी हसलं नाही.

चार दिवसांनी बाईंच्या हातात पत्र पडलं: 'आपल्या स्वतःच्या विनंतीवरून आपली बदली पॅकिंग विभागात करण्यात येत आहे.' खाली सहीसाठी जागा. बाई म्हणाल्या, "मी विनंती केलेली नाही. 'विनंतीवरून' खोडा." खोडलं नाही, म्हणून सहीही मिळाली नाही. पण पॅकिंगला मात्र गेल्या. आठ महिने उभ्यानं खोकी बांधली. पाय सुजायचे. मी एकदा म्हटलं, "बाई, त्या पत्रावर एवढी एक सही केली असती तर निदान खुर्ची तरी मिळाली असती." त्या म्हणाल्या, "एकदा मी खोट्यावर सही करायला नकार दिला. दुसऱ्यांदा करायची तर पहिल्या वेळी तरी कशाला नाही म्हटलं?" आणि पुढच्या खोक्याला टेप लावली.

पॅकिंगच्या पोरींना त्यांनी कामात काम म्हणून शब्दांची गावं विचारायची सवय लावली. तिकडून हसण्याचे आवाज यायचे. काचेच्या खोलीत तेव्हा एक पोरगेला इंजिनियर बसायचा, तो दर दोन दिवसांनी पॅकिंगला जाऊन बाईंना काहीतरी विचारून यायचा.

आठ महिन्यांनी साहेब दुसऱ्या कंपनीत गेले. त्यांच्यावर कसली कारवाई वगैरे झाली नाही. जाताना केक कापला. त्यांच्या जागी आलेल्या बाईसाहेबांनी जुनी फाईल वाचली आणि आगवणे बाईंना परत बोलावलं. सगळ्यांना वाटलं, बाई धावत येतील.

बाई म्हणाल्या, "लेखी बोलवा. आणि लेबलांवरची सही माझी नव्हती, हेही लिहा."

पहिलं लगेच मिळालं. दुसऱ्याला वरचे लोक तयार होईनात. बाई अकरा दिवस पॅकिंगलाच राहिल्या. बाराव्या दिवशी माझ्याकडे टाईप करायला मजकूर आला. 'सदर लेबलांवरील स्वाक्षरी श्रीमती सुमन आगवणे यांची नव्हती, असे रेकॉर्डवरून आढळून आले आहे.' इतक्या वर्षांत हजारो कागद टाईप केले असतील, पण एवढ्या एका ओळीत चूक होऊ नये म्हणून मी श्वास धरला होता. माफीचा शब्द त्यात नव्हता. बाईंनी तो मागितलाही नाही. पत्र वाचलं, तारीख बघितली, एक झेरॉक्स काढून घेतली आणि स्वेटर घालून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून 'च्' असा आवाज आला.

त्या निवृत्त झाल्या त्याच्या आधीच मी ती नोकरी सोडली. दादा गेल्याचं कळलं तेव्हा फोन केला होता, तेवढंच.

गेल्या वर्षी पिंपरीत मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर माझी रिक्षा सिग्नलला अडकली होती. समोर बसथांब्यावर पंचवीस-तीस माणसं, बरीचशी म्हातारी, कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. बस आली आणि नेहमीप्रमाणे थांब्यावर न थांबता पुढे निघाली. माणसं पळायला लागली. एवढ्यात गर्दीतून एक बुटकी बाई उतरून सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, एक हात पुढे करून. ब्रेक कचकन लागला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, मरायचंय का म्हणून.

आगवणे बाईंनी आवाज चढवला नाही. पण मला रिक्षात ऐकू आलं. "थांबा इथं आहे," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हर बरंच बोलला. मागे हॉर्न वाजायला लागले. बाई हलल्या नाहीत. शेवटी बस हळूहळू मागे आली. बाई दाराजवळ उभ्या राहिल्या, एकेका म्हाताऱ्याला दंडाला धरून वर चढवत. मी हाक मारणार होते, पण सिग्नल सुटला. मी मागे वळून बघितलं तेव्हा थांबा रिकामा झाला होता, आणि सगळ्यांच्या शेवटी बाई पदर खोचून पायरी चढत होत्या.